थांबायचं ते कशासाठी? रॅमबद्दल वाचकांचे प्रश्न

दिवाळीपासून रॅमबद्दल इतकी पत्रं आलीत की जानेवारी २०२६ च्या या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि त्यातली पाच पत्रं घेतली. रॅम म्हणजे चालू काम हाताशी ठेवणारी मशीनची मेमरी, आणि डीडीआर ३, ४, ५, ६ या तिच्या पिढ्या, एवढं लक्षात ठेवून वाचा. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांचंही बरंचसं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न: सर नमस्कार. तालुक्याच्या गावी माझं डीटीपी आणि फ्लेक्स डिझाईनचं दुकान आहे. २०१८ ला असेंबल केलेलं मशीन आहे, आय५-८४००, एच३१० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर ४ ची एकच स्टिक आणि १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. कोरल आणि फोटोशॉप एकदम उघडलं की मशीन हँग होतं, गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि मी नुसता फिरणाऱ्या गोलाकडे बघत असतो. दुकानदार म्हणतो सगळं काढा, डीडीआर ५ चं नवीन करा. भाचा म्हणतो मामा थांब, आता डीडीआर ६ येतंय, आत्ता घेतलं तर पैसे पाण्यात. लग्नसराई तोंडावर आहे. काय करू? (सातारा जिल्हा)

उत्तर: दादा, भाच्यापासून सुरवात करतो. डीडीआर ६ वर काम चालू आहे हे खरंय. पण मेमरीची प्रमाणं ठरवणारी जी संस्था आहे, जेडेक, तिने जुलै २०२५ मध्ये जे जाहीर केलं ते एलपीडीडीआर ६ होतं, म्हणजे मोबाईल आणि पातळ लॅपटॉपवाली मेमरी. डेस्कटॉपच्या स्टिकचं तसं प्रमाण अजून जाहीर झालेलं नाही. आणि जाहीर झालं की लगेच दुकानात मिळतं असंही नसतं, डीडीआर ४ चं प्रमाण २०१२ ला आलं आणि साध्या घरगुती मशीनपर्यंत पोचायला २०१५ उजाडलं, डीडीआर ५ जुलै २०२० ला जाहीर झाली आणि ती चालवणारे इंटेलचे १२ व्या पिढीचे प्रोसेसर आले नोव्हेंबर २०२१ ला. म्हणजे तुम्ही थांबायचं म्हटलं तर या लग्नसराईपुरतं नाही, पुढच्या आणि त्याच्या पुढच्याही लग्नसराईत त्याच गोलाकडे बघत बसायचं.

शिवाय ती आली तरी तुमच्या मशीनमध्ये बसणारच नाही. कधी कॅबिनेट उघडलं तर स्टिक काढून तिची खालची सोनेरी कड बघा, तिच्यात एक खाच असते, बरोबर मध्यावर नाही, जरा बाजूला, आणि बोर्डवरच्या स्लॉटमध्ये त्याच जागी उंचवटा असतो. डीडीआर ४ ला २८८ पिना आहेत, डीडीआर ५ लाही २८८च आणि लांबीही तेवढीच, पण खाच मुद्दाम सरकवलीय, कारण आतला कारभारच वेगळा आहे. डीडीआर ४ ला १.२ व्होल्ट बोर्डकडून मिळतात, डीडीआर ५ चालते १.१ वर आणि तो व्होल्टेज सांभाळणारी चिप स्टिकवरच बसवलेली असते. एकाने जोर लावून चुकीची स्टिक बसवायचा प्रयत्न केला आणि स्लॉटची कड चिरली, बोर्ड गेला, हे मी समोर बघितलंय. तर मेमरीची पिढी बदलायची म्हणजे बोर्ड बदलायचा, बोर्ड बदलायचा म्हणजे प्रोसेसर बदलायचा, म्हणजे कॅबिनेट आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) सोडला तर जवळपास नवीन मशीनच. "डीडीआर ६ साठी थांबतो" याचा खरा अर्थ "नवीन मशीनसाठी थांबतो" असा आहे, आणि तो विचार वेगळा करायला हवा.

नव्या पिढीच्या पहिल्या वर्षाबद्दलही सांगतो, कारण लोक हे विसरतात. डीडीआर ५ आली तेव्हा बाजारात मिळायची ती ४८०० वेगाची, सीएल ४० वाली (सीएल म्हणजे मागितल्यापासून मिळेपर्यंत मेमरी किती ठोके घेते तो आकडा). आकडा बघून वाटायचं की ३२०० च्या दीडपट झाली. पण मागितलेली गोष्ट हातात यायला किती वेळ लागतो ते बघितलं तर डीडीआर ४ ची ३२०० सीएल १६ स्टिक १० नॅनोसेकंदात द्यायची आणि ही नवीन जवळपास १६.७ घ्यायची, म्हणजे टेम्पो मोठा आला पण गोडाऊनमधून निघायलाच उशीर. भाव मात्र डीडीआर ४ च्या कितीतरी वर, आणि मिळायचीही नाही पटकन. आज ६००० सीएल ३० ची स्टिक परत १० नॅनोसेकंदावर आलीय आणि टेम्पोही मोठा आहे, आता ती खरंच चांगली आहे, पण तिथवर यायला वेळ लागला. आणि नवीन आलं ते टिकतंच असंही नाही. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तेव्हा त्याच्याबरोबर आरडीरॅम नावाची मेमरीच लावावी लागायची, तिचा रिकामा स्लॉट रिकामा ठेवता यायचा नाही, तिथे नुसती डमी पट्टी बसवावी लागायची, आणि महाग तर इतकी की वर्षभरात इंटेलनेच साध्या एसडीरॅमवर चालणारा चिपसेट (बोर्डचा कारभार बघणारी चिप) काढला. पुढे सगळे डीडीआरकडे गेले आणि ज्यांनी घाईने आरडीरॅमवाली मशीन घेतली त्यांना नंतर मेमरी वाढवायची म्हटलं की घाम फुटायचा.

आता दुकानदाराचं. डीडीआर ५ चं मशीन करा हे तो एरवी बरोबरच सांगत असता, फक्त वेळ वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरला एचबीएम नावाची मेमरी लागते, ती आणि आपली साधी रॅम त्याच कारखान्यांत त्याच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) बनतात, आणि तेवढीच मेमरी एचबीएमच्या रूपात काढायला साध्या रॅमच्या साधारण तिप्पट वेफर खर्ची पडतं. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, आणि तिघांनाही तिकडे जास्त पैसे मिळतात. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करणार असल्याचं जाहीर केलं. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत डीडीआर ५ चे भाव दुपटीच्या वर गेले आणि डीडीआर ४ सुद्धा वर चढली, कारण जुन्या मेमरीचं उत्पादन कंपन्या आवरतं घेतायत.

मग भाव उतरेपर्यंत थांबावं का? मेमरीचे भाव आजवर दर वेळी चढून उतरलेत हे खरं. जुलै १९९३ ला जपानमध्ये नीहामा इथे सुमितोमोच्या कारखान्यात स्फोट झाला, चिपच्या पॅकिंगला लागणारं रेझिन जगाला मुख्यतः तिथूनच जायचं, तेव्हा रॅमचे भाव असेच उडाले होते. २०१७-१८ ला महाग झाली, २०१९ ला उतरली, २०२३ ला तर इतकी स्वस्त होती की लोक गरज नसताना ३२ जीबी टाकत होते. पण उतरणार कधी हे धरून धंद्याचं गणित मांडू नका. जे २०२५ च्या दिवाळीच्या ऑफरसाठी म्हणून थांबले त्यातले कितीतरी जण आज हळहळतायत, त्यांचं चुकलं असंही नाही, हे आपल्या हातातलं नाहीच.

आपल्या हातात आहे ते म्हणजे मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघणं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. तो उघडा ठेवून नेहमीसारखं काम करा, कोरल, फोटोशॉप, क्रोममध्ये व्हॉट्सॲप वेब, सगळं. हँग झालं की बघा, माझा अंदाज आहे मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल आणि डिस्क सरळ १०० वर चिकटलेली असेल, प्रोसेसर मात्र पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत. तुमचा प्रोसेसर सहा कोरचा आहे, तो थकलेला नाही, त्याला हातात काम मिळत नाहीये. रॅम संपली की विंडोज उरलेलं हार्डडिस्कवर लिहितं, फोटोशॉपही स्वतःची स्क्रॅच फाईल (कामापुरती तात्पुरती फाईल) तिथेच लिहितं, आणि ती फिरणारी तबकडी बिचारी दोघांच्या मध्ये धावत राहते.

तुमच्याच कामाचा हिशोब करू. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तर ८६४० गुणिले १७२८० पिक्सेल होतात, जवळपास १५ कोटी. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत) प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे ६०० एमबी. बॅकग्राउंड, त्यावर ग्रेडियंट, त्यावर मोठा फोटो असं करत तीन-चार भरलेले लेयर झाले की अडीच जीबी तिथेच गेले, अनडूची हिस्टरी वेगळी, आणि विंडोज न् क्रोमने तीन-चार जीबी आधीच खाल्लेले असतात. कुणी चुकून तोच फ्लेक्स ३०० डीपीआयला उघडला तर एकेक लेयर १० जीबीच्या वर जातो, तिथे डीडीआर ५ काय आणि ६ काय, ८ जीबीत कुणाचंच भागणार नाही. दुकानात कामाला मुलगा असेल तर त्याला हे नीट समजावून सांगा, बिनपैशाचं काम आहे.

दुसरं बिनपैशाचं काम म्हणजे फाँट. डीटीपीच्या मशीनवर वर्षानुवर्षं साठलेले हजारो फाँट असतात, श्रीलिपीचे, कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलेले, एकेकाच्या तीन-तीन कॉपी, आणि ते सगळे चाळत बसल्यामुळे कोरल उघडायलाच वेळ लागतो. लागतात तेवढे ठेवा, बाकीचे फोल्डरमध्ये काढून ठेवा, पाहिजे तेव्हा टाकता येतात.

मग पैशाचं काम. पहिलं एसएसडी (तबकडी नसलेली, चिपवाली वेगवान डिस्क), विंडोज, सॉफ्टवेअर आणि फोटोशॉपची स्क्रॅच तिच्यावर, हार्डडिस्क जुन्या कामांच्या साठवणीला राहू दे. साधी साटावाली (हार्डडिस्कसारखीच केबलने जोडायची) ५०० जीबीची घ्या, एच३१० च्या चिपसेटच्या लेन, म्हणजे डेटा जायचे रस्ते, जुन्या पीसीआयई २.० च्याच असल्यामुळे महागड्या एनव्हीएमईचा (त्याहून वेगवान एसएसडीचा) पूर्ण वेग तिथे मिळणारच नाही. एसएसडीचे भावही आता वर सरकतायत तेव्हा हे महिनाभरसुद्धा लांबवू नका. दुसरं, रॅमची अजून एक स्टिक, जमली तर १६ जीबीची, नाहीच जमलं तर ८ ची. बोर्डवर दोन स्लॉट असतात, एक रिकामा आहे, आणि दुसरी स्टिक लागली की ड्युअल चॅनलमुळे मेमरीचा रस्ताही दुप्पट रुंद होतो. ३२०० च्या स्टिकला जास्त पैसे देऊ नका, तुमचा प्रोसेसर २६६६ च्या वर चालवतच नाही, दुकानात कुणाच्या जुन्या मशीनमधून निघालेली चांगली २६६६ ची मिळाली तर तीच घ्या. राहिलं विंडोज, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. पण तुमचा प्रोसेसर ८ व्या पिढीचा आहे, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन पीटीटी, म्हणजे ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, चालू करावं लागेल एवढंच. नाहीतरी एसएसडीवर नवीन विंडोज टाकायचंच आहे तर ११ च टाकून घ्या.

हे केलंत की मशीन अजून दोन-तीन वर्षं आरामात काम देईल असं मला मनापासून वाटतं. तोवर डीडीआर ५ चे भाव काय होतात ते बघू. आणि भाच्यावर रागावू नका, तुमचे पैसे वाचावेत म्हणूनच सांगत होता तो.

प्रश्न: नमस्कार. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, पहिली सेमिस्टर कॉलेजच्या लॅबवर भागवली, आता लॅपटॉप लागणारच. आत्ता ८ जीबीचा घेऊन भाव उतरले की रॅम वाढवावी, की आत्ताच १६ चा घ्यावा, की थांबावं? मिस्टर म्हणतात थांबू. (नाशिक)

उत्तर: ताई, थांबू नका. सेमिस्टर सुरू झालीय, रोज संध्याकाळी मैत्रिणीच्या लॅपटॉपची वाट बघून अभ्यास होत नाही. आता ८ घेऊन नंतर वाढवायची म्हणताय ते सगळ्या लॅपटॉपमध्ये जमतच नाही. ज्याच्या माहितीत एलपीडीडीआर ५ किंवा ५एक्स लिहिलंय त्यात रॅम जवळपास नेहमीच बोर्डवर सोल्डर केलेली असते, जन्मात वाढवता येत नाही, तो घ्यायचा तर १६ चाच घ्या. नुसतं डीडीआर ५ किंवा डीडीआर ४ लिहिलं असेल तर स्लॉट असायची शक्यता असते, कधी एकच, कधी दोन, कधी ८ सोल्डर केलेली आणि वर एक रिकामा स्लॉट. दुकानातल्या माणसाला तोंडी विचारू नका, डेमो पीस चालू करायला सांगा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की उजव्या बाजूला खाली किती स्लॉट वापरलेत ते येतं, आणि फॉर्म फॅक्टरच्या पुढे सोडिम असं लिहिलं असेल तर निघणारी रॅम आहे, रो ऑफ चिप्स असं असेल तर सोल्डर केलेली.

वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये स्क्रीनचं कामही याच रॅममधून होतं, म्हणून ८ म्हणजे हातात पूर्ण ८ येतच नाहीत. कॅडसारखं सॉफ्टवेअर लागणार असेल तर १६ च हवी. बजेट अगदीच ताणलेलं असेल तर स्लॉटवाला ८ चा घ्या आणि सध्या तेवढ्यावर चालवा, नंतर दुसरी स्टिक टाकता येईल. मिस्टरांना सांगा की त्यांचं म्हणणं भावाच्या बाबतीत चुकीचं नाही, पण मुलीची सेमिस्टर परत येणार नाही.

प्रश्न: रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर ४ ३२००. गेममध्ये आता अडकतंय, ग्राफिक कार्ड मागच्याच वर्षी नवीन घेतलंय. एएम५ वर जाऊ का? (पिंपरी)

उत्तर: आत्ता नको. एएम५ म्हणजे एएमडीच्या नव्या प्रोसेसरचं सॉकेट, त्यावर फक्त डीडीआर ५ चालते, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि आजच्या भावाची रॅम असं तिहेरी बिल येईल. तुमच्याच बोर्डवर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० किंवा ७ ५७००एक्स बसतो, आणि २०१८ च्या २६०० वरून तिथे गेलात की फरक पहिल्याच गेमला कळेल. रॅम आहे तीच राहू दे, तुमच्याकडे सोन्यासारखी गोष्ट आहे आत्ता. एएमडीने एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही प्रोसेसर देत राहणार असं सांगितलंय, त्यामुळे तुम्ही दोन वर्षांनी गेलात तरी गाडी चुकत नाही.

एक जपा, बायोस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच करायचा, आणि यूपीएसवर करायचा. अर्ध्यात लाईट गेली तर बोर्ड मेला समजा, आणि आपल्याकडे लाईट विचारून जात नाही.

प्रश्न: आमच्या वाचनालयात इंटेल ४ थ्या पिढीची चार मशीन आहेत, डीडीआर ३. रॅम वाढवून विंडोज ११ टाकता येईल का? (चिपळूण)

उत्तर: अधिकृतपणे नाही, ११ ला इंटेलची ८ वी पिढी किंवा पुढची लागते, रॅमने ते सुटत नाही. डीडीआर ३ वर नवीन पैसे घालू नका. पुस्तकांची नोंद आणि इंटरनेट एवढंच असेल तर छोटी एसएसडी टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाका, मराठी टायपिंग त्यात नीट चालतं. चारातल्या दोन मशीनची रॅम काढून दुसऱ्या दोनांत भरली तर ती दोन चांगली पळतील, तसाही विचार करून बघा.

प्रश्न: भाव बघून सेकंडहँड रॅम घ्यायचा विचार आहे, पण भीती वाटते. लॅमिंग्टन रोडला एकाकडे आहे. (डोंबिवली)

उत्तर: रॅममध्ये फिरणारं काही नसतं त्यामुळे ती हार्डडिस्कसारखी झिजत नाही, चांगली असेल तर वर्षानुवर्षं चालते. मी स्वतः जुन्या स्टिक बिनधास्त लावतो. फक्त घेताना तिथेच मशीनला लावून दाखवायला सांगा, पूर्ण क्षमता आणि वेग दिसतोय ना बघा, आणि बदलून द्यायची आठवडाभराची तरी मुदत बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. घरी आणल्यावर बसवण्याआधी सोनेरी कड पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा, कचरा झटका, कडेला बोटं लावू नका, दोन्ही बाजूंनी सारखा दाब देऊन क्लिपचा टक आवाज येईपर्यंत बसवा. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाकून मशीन त्याच्यावरून चालू करा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी आधी खोडरबर आणि दुसरा स्लॉट करून बघा, तरी आली तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकान गाठा.